घरच्या घरी कोकोनट कस्टर्ड पाय – सोप्पी पाकृ, आणि तो खालून ओला का राहतो

चिंगी_एडिसन

इकडे न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या डायनर्समध्ये (साधी अमेरिकन हॉटेलं) दारातच काचेचं कपाट असतं, त्यात चीजकेक, लेमन मेरिंग्यू अशी नटलेली मंडळी वरच्या फळीवर आणि खालच्या फळीवर कोपऱ्यात एक साधासुधा पिवळसर पाय (pie, भाजलेल्या कवचात सारण), वर थोडं खरपूस झालेलं खोबरं, बाकी सजावट शून्य. तोच कोकोनट कस्टर्ड पाय. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या लोकांना अमेरिकेतलं सगळ्यात पटकन आवडेल असं गोड हेच, दूध अंडी साखर खोबरं जायफळ, यातलं परकं काय आहे सांगा, पण देशी मंडळी डायनरमध्ये गेली की डोळे मिटून चीजकेक मागवतात. असो.

आधी एक गोंधळ मिटवते कारण नंतर प्रतिसादांत भांडणं नकोत. कोकोनट क्रीम पाय वेगळा. त्यात आतलं सारण गॅसवर कॉर्नफ्लार घालून शिजवतात, भाजलेल्या क्रस्टमध्ये (मैद्याचं खालचं कवच) ओततात, गार करतात आणि वर व्हिप्ड क्रीमचा डोंगर. कस्टर्ड पायमध्ये कच्चं कस्टर्ड क्रस्टमध्ये ओतून ओव्हनमध्येच सेट करायचं, अंड्याच्या जोरावर. मला हा दुसरा जास्त आवडतो कारण सुरीने कापला की खरवसासारखा स्वच्छ तुकडा निघतो.

क्रस्टसाठी: मैदा सव्वा कप, गारेगार बटर ११५ ग्रॅम (इकडची एक स्टिक), मीठ अर्धा टीस्पून, बर्फाचं पाणी ३-४ टेबलस्पून. खारं बटर असेल तर मीठ घालू नका. बटरचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, पूर्ण विरघळू द्यायचे नाहीत, वाटाण्याएवढे दिसत राहिले पाहिजेत, मग पाणी शिंपडून नुसता गोळा करायचा, मळायचं नाही!! पोळ्या करणाऱ्या हातांना हे जमत नाही लवकर, आपण मळतोच. तासभर फ्रीज. मग लाटून ९ इंची डिशमध्ये बसवायचा, कडा दुमडायच्या, परत अर्धा तास फ्रीज. ओव्हन २०० सेल्सिअस, क्रस्टवर बटर पेपर, त्यात कोरडा राजमा किंवा छोले काठोकाठ भरायचे (वजनासाठी, नाहीतर कडा घसरतात आणि तळ फुगतो), २० मिनिटं. मग राजमा काढून परत ५-७ मिनिटं, तळ सोनेरी दिसेपर्यंत.

कस्टर्ड: अंडी ४, साखर १३० ग्रॅम (पाऊण कपाला थोडी कमी), दूध २ कप म्हणजे ४८० मिली, बिनसाखरेचं डेसिकेटेड कोकोनट १ कप, व्हॅनिला १ टीस्पून, चिमूटभर मीठ, जायफळ किसून. दूध गरम करा, उकळू नका, त्यात खोबरं १० मिनिटं भिजू द्या. अंडी-साखर नुसती एकजीव करायची, फेस आणायचा नाही, फेस आला की वर बुडबुड्यांचा थर बसतो आणि दिसायला घाण दिसतं. हे मिश्रण आत्ताच गाळून घ्या, खोबरं पडल्यावर गाळता येत नाही. मग गरम दूध थोडं थोडं ओतत हलवा. क्रस्ट गरम असतानाच त्यात हे गरम कस्टर्ड ओता, वरून जायफळ, ओव्हन १६० वर आणून खालच्या रॅकवर ४० मिनिटं धरा, ३५ पासून डोकावायला सुरुवात करा.

आणि आता मुद्द्याचं. तो शिजलेला दिसायच्या आधी बाहेर काढायचा. कडा घट्ट, पण डिश हलकेच हलवली की मधला वाटीएवढा भाग थरथरला पाहिजे. बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेवर तो शिजत राहतो. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालतं हो, हे नाही. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७७ ते ८० डिग्री. दोन तास बाहेर, मग फ्रीजमध्ये ३-४ तास, मगच सुरी.

ठाणेकरीण

वा चिंगीताई, तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! फोटो कुठाय?

मी ओटीजीवाली (छोटा टेबलावरचा ओव्हन) आहे, आणि इथे घरात ओला नारळ असतोच तर डेसिकेटेड कशाला आणू? खवलेला चालेल ना? अजून एक, आमच्याकडे अंड्याचा वास आला की साबा (सासूबाई) ताट सरकवतात.

चिंगी_एडिसन

@ठाणेकरीण चालेल, पण फक्त पांढरा भाग खवा, काळं साल आलं की कस्टर्डमध्ये ठिपके दिसतात. खवलेल्या नारळात पाणी भरपूर असतं, ते सगळं कस्टर्डमध्ये उतरतं, म्हणून कोरड्या कढईत मंद आचेवर ओलसरपणा जाईपर्यंत परता, रंग बदलू द्यायचा नाही. इकडच्या लोकांनी देशी दुकानातला फ्रोझन नारळ घेतला तर आधी पूर्ण वितळवून घट्ट पिळा, मग परता. गाभुळलेला किंवा जुना नारळ नको, खवट वास पायमध्ये लपत नाही.

वासाचं म्हणाल तर जास्त भाजल्याने वास वाढतो. वेळेत काढला तर व्हॅनिला आणि जायफळ पुरतं.

फोटो काढायच्या आत संपला.

गोडघाशा

जायफळ ठीक पण वेलची का नाही? नारळ तिथे वेलची, हा काय सांगायचा मुद्दा आहे का.

आजीची_पळी

वेलचीला -१. नारळीभाताचा वास येईल मग पाय कशाला करायचा, नारळीभातच करा की. जायफळ आणि नारळ ही जोडी आपल्याकडे पण आहेच, गोव्यात बेबिंकात जायफळच असतं.

बाबू_मडगांव

बेबिंकाचं नाव निघालं म्हणून आलो. पळीआजी बरोबर सांगतायत. नारळाचा रस, अंड्याचे बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. म्हणजे सामान बघितलं तर ह्या तुमच्या पायचंच भावंड, फक्त दूध गाईचं नाही नारळाचं आणि पांढरं बाजूला. पण करायची पद्धत एकदम उलट. तिथे एकेक थर ओतून वरून आच देऊन भाजायचा, तो झाला की तूप, वर दुसरा थर, पूर्वी मातीच्या भांड्यात आणि वर नारळाच्या सोडणांचा विस्तव. सात थर तरी हवेतच, हौशी लोक सोळापर्यंत जातात. नाताळात घरोघरी चार-चार तास एक माणूस ह्याच कामाला बसवलेला असतो. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळाला.

तर माझा प्रश्न असा की गाईच्या दुधाऐवजी नारळाचा रस घातला तर हा पाय होईल काय?

पोळपाट_टोरांटो

@बाबू होईल, पण सगळा रस घालू नका, अर्धा घाला. कस्टर्ड घट्ट होतं ते अंड्यातल्या प्रथिनांमुळे आणि दुधातले क्षार त्यांना मदत करतात, नारळाच्या रसात ती बाजू लंगडी असते त्यामुळे नुसत्या रसावर कस्टर्ड मऊ राहतं, आणि वर तेलाचा तवंग पण येऊ शकतो. एक कप दूध आणि एक कप जाड रस, चव जबरी येते. डब्यातला असेल तर आधी डबा हलवून घ्या, वर साय जमलेली असते.

मी बेकिंगचा कोर्स केलाय त्यामुळे थोडं पकवतो, सहन करा. अंडं एकटं असेल तर ६०-६५ च्या आसपास गोठायला लागतं, पण दूध आणि साखर घातली की प्रथिनं पांगतात आणि तापमान वर सरकतं, कस्टर्ड ८० च्या जवळपास नीट धरतं. ८५ च्या पुढे गेलं की तीच जाळी इतकी आवळते की पाणी बाहेर ढकलते. मग कापल्यावर डिशमध्ये पाणी सुटतं आणि आत बारीक भोकं दिसतात. लोक म्हणतात अंडी कमी पडली, पुढच्या वेळी एक जास्त घालतात, आणि परत तेच होतं कारण दोष अंड्यांचा नसून मिनिटांचा असतो.

साखर कमी करणाऱ्यांसाठी: अर्ध्या कपापर्यंत खुशाल कमी करा, पण कमी साखरेचं कस्टर्ड लवकर सेट होतं, तेव्हा पाच-सात मिनिटं आधीपासून बघायला लागा.

अर्धा_कप

सगळं नीट केलं तरी माझा तळ ओला. वरून सुंदर, खालून कच्च्या पोळीचा लगदा. धाग्याच्या नावात आहे म्हणून विचारते, नक्की का होतं? मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर करते, काचेची डिश.

पोळपाट_टोरांटो

तीन कारणं असू शकतात, तुमच्याकडे बहुतेक शेवटचं.

क्रस्ट आधी पुरेसा भाजला नाही. फिकट पांढरा असतानाच कस्टर्ड ओतलं तर तो नंतर भाजला जात नाही, कारण डोक्यावर दूध बसलंय, दूध असेपर्यंत तिथलं तापमान शंभरच्या वर जाणार नाही, आणि शंभरला मैदा उकडतो, खरपूस होत नाही. म्हणून तो आधीच सोनेरी करायचा. अजून हमी पाहिजे तर राजमा काढल्यावर आतून अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवा आणि दोन मिनिटं भाजा, बारीक भेगा बुजतात.

दुसरं म्हणजे गार कस्टर्ड. गार ओतलं तर ते तापायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर तळ पीत बसतो. चिंगीने गरमात गरम सांगितलंय ते उगाच नाही.

आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. त्यात खालून कॉइलची आच नसते, पंख्याने गरम हवा फिरते, त्यामुळे वरचा भाग पटकन रंगतो आणि तळ मागे राहतो. जाड काच उशिरा तापते. फक्त कन्व्हेक्शन मोडवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा टिन चालत असेल (मशीनच्या पुस्तकात बघा) तर तो घ्या आणि सगळ्यात खालच्या स्टँडवर ठेवा. ओटीजीवाल्यांचं उलट, त्यांना खालचा रॉड आहे, क्रस्ट भाजताना तोच कामाला लावायचा.

काचेची डिश फ्रीजरमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ढकलू नका. तडकते.

क्लीव्हलंडची_काकू

एवढं सगळं करायचं तर धाग्याच्या नावात सोप्पी कशाला लिहिलं बाई? मी इकडे आल्यापासून क्रस्ट लाटलेला नाही आणि लाटणारही नाही. इम्पॉसिबल पाय करा! माझी म्हातारी अमेरिकन शेजारीण करायची तिने शिकवला. ४ अंडी, २ कप दूध, अर्धा कप मैदा, पाऊण कप साखर, पाव कप वितळलेलं बटर, व्हॅनिला, चिमूट मीठ, सगळं मिक्सरमध्ये एकदाच फिरवायचं, एक कप खोबरं नंतर हाताने मिसळायचं, तूप लावलेल्या डिशमध्ये ओतायचं आणि १८० वर ४५-५० मिनिटं. संपलं. आपोआप तीन थर होतात, मैदा जड म्हणून खाली बसतो आणि त्याचा मऊ तळ होतो, मध्ये कस्टर्ड, आणि खोबरं तरंगून वर जातं आणि खरपूस होतं. क्रस्ट नाही, राजमा नाही, लाटणं नाही. माझ्या मुलांना तर हाच खरा वाटतो, डायनरचा खोटा.

मूळ पद्धत बिस्क्विकच्या पिठाची, ते तयार मैदा-बेकिंग पावडर-फॅटचं मिश्रण असतं, १९३१ पासून मिळतंय. १९७०च्या दशकात ह्या पायची इकडे लाटच होती म्हणे. पण बिस्क्विक नसेल तर साध्या मैद्याने अडत नाही.

ठाणेकरीण

काकू तुमचे पाय कुठे आहेत. उद्याच करते.

चिंगी_एडिसन

काकूंचा प्रकार छान लागतो, मी पण पाहुणे अचानक आले तर तोच करते. पण काकू, त्या तळाला क्रस्ट म्हणायचं नाही हं. तो मऊसर थर असतो, कुरकुरीतपणा औषधालाही नाही. ज्यांना खाली खुसखुशीत आणि वर लुसलुशीत पाहिजे त्यांना लाटण्याला पर्याय नाही. किंवा सरळ फ्रोझन क्रस्ट आणा, इकडे कुठल्याही दुकानात मिळतो, तो सुद्धा आधी भाजायचाच, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

क्लीव्हलंडची_काकू

औषधाला नसेल, पण सिंकमध्ये भांडी पण नसतात :)

शुद्ध_शाकाहारी_पुणे

अंड्याशिवाय सांगा ना कोणीतरी. कस्टर्ड पावडर घालून वरच्याच कृतीने भाजला तर?

गोडघाशा

कस्टर्ड पावडर म्हणजे कस्टर्ड नव्हे, कॉर्नफ्लार आणि पिवळा रंग. शॉर्टकट आहे नुसता.

आजीची_पळी

@गोडघाशा एवढं नाक मुरडू नका. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती पावडर १८३७ साली शोधली ती बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. म्हणजे ज्यांना अंडं नको त्यांच्यासाठीच तिचा जन्म आहे. आणि पुण्याच्या माणसाला काय सांगता, वाइकफिल्ड पुण्याचंच ना! त्या डब्यावर आमच्या सगळ्या वाढदिवसांचं फ्रूट कस्टर्ड झालंय.

@शुद्ध_शाकाहारी पण भाजू नका. कस्टर्ड पावडर कच्च्या दुधात कालवून ओव्हनमध्ये ठेवली तर स्टार्च तळाला जाऊन बसतो, खाली गोळा आणि वर पाणचट दूध. ती गॅसवर ढवळतच शिजवावी लागते. २ कप फुल क्रीम दुधाला ५ सपाट टेबलस्पून कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लार, साखर अर्धा कप, खोबरं पाऊण कप. पावडर थोड्या गार दुधात कालवा, बाकी दूध-साखर-खोबरं गरम झालं की ओता, ढवळत ढवळत बुडबुडे येऊन वर मिनिट-दोन मिनिटं शिजू दे, उतरवून एक चमचा बटर. भाजलेल्या क्रस्टमध्ये ओता, वर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवून ठेवा म्हणजे साय धरत नाही, रात्रभर फ्रीज. वरून कढईत भाजलेलं खोबरं. चिंगीच्या हिशेबाने हा क्रीम पायच्या घराण्यातला झाला, पण शाकाहारी माणसाला घराण्याशी काय करायचंय.

पोळपाट_टोरांटो

+१ पळीआजी. फक्त एक जोड, कोणी ह्याच कॉर्नफ्लारच्या कस्टर्डमध्ये अर्धवट हौस म्हणून बलक घालणार असेल तर बलक घातल्यानंतरसुद्धा ते बुडबुडे येईपर्यंत उकळायलाच हवं. बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च खातं, न उकळता सोडलं तर रात्री घट्ट झालेलं सकाळी पातळ. भाजायच्या पायमध्ये उलट नियम, तिथे स्टार्च नाही म्हणून उकळी अजिबात नको. लोक दोन्ही कृती एकत्र वाचतात आणि मग घोळ होतो.

मध्यरात्रीचा_चहा

अवांतर, पण नारळ अमेरिकेत पिकत नाही (हवाई-फ्लोरिडा सोडा) तर ह्यांच्या पायमध्ये आला कुठून, हे शोधलं. वाळवलेलं खोबरं लोकप्रिय करणाऱ्यांत फिलाडेल्फियाचा एक पिठाचा व्यापारी होता, फ्रँकलिन बेकर. १८९०च्या दशकात त्याने क्यूबाला पीठ पाठवलं आणि पैशांच्या बदल्यात तिकडून जहाजभर नारळ आले. नारळ काही टिकत नाहीत, गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने ते किसून वाळवून एकसारख्या दर्जाचं खोबरं विकायला काढलं, आणि ते इतकं चाललं की पिठाचा धंदा सोडून तो खोबऱ्यातच शिरला. रच्याकने (बाय द वे) बेकर्स चॉकलेटवाला बेकर वेगळा, त्याच्याशी ह्याचा संबंध नाही. पेनसिल्व्हेनियाच्या आसपासच हा पाय जास्त दिसतो त्याला हे एक कारण असेल का, चिंगी?

चिंगी_एडिसन

मस्त माहिती! कारण असेल की नाही ते सांगू शकत नाही, पण पैशांच्या बदल्यात जहाजभर नारळ, हे भारी आहे.

त्यावरून आठवलं, इकडच्या दुकानात बेकिंगच्या आयलमध्ये जे लांब लांब तुकड्यांचं, ओलसर, पांढरंशुभ्र खोबरं मिळतं ते साखर घातलेलं असतं. ते वापरलंत तर कस्टर्डमधली साखर अर्ध्या कपापेक्षाही खाली आणा, नाहीतर घशाशी येतं. भारतातल्या डेसिकेटेडमध्ये साखर नसते, त्यांनी १३० ग्रॅमच धरा.

भारतातल्या लोकांसाठी अजून दोन गोष्टी. तिकडची अंडी इकडच्या 'लार्ज'पेक्षा बऱ्याचदा लहान असतात, तशी असली तर ४ ऐवजी ५ घ्या. आणि पिशवीतलं फुल क्रीम दूध ६ टक्के फॅटचं, इकडचं होल मिल्क सव्वातीन टक्क्यांचं. म्हणून अमेरिकन पाकृमध्ये 'थोडं हेवी क्रीम घाला' असं असतं, ते तुम्ही खुशाल विसरा. तुमचं दूध मुळात चांगलं आहे.

खोबरेल

कुकरमध्ये होईल का? ओव्हन नाही.

क्लीव्हलंडची_काकू

क्रस्टवाला नाही होणार. माझ्यावाला जाड बुडाच्या कढईत खाली मीठ, वर स्टँड, झाकण लावून मंद गॅसवर सेट होतो, पण वर रंग येत नाही, खोबरं पांढरंच राहतं. खोबरं वेगळं भाजून वर पसरा, कोणाला कळतंय. पण मन लावून विचारशील तर ओव्हन नसताना पळीआजींचा कर, बिस्किटाचा चुरा आणि बटर दाबून तळ कर, काहीच भाजायला नको.

सह्याद्रीचा_ससा

फिलिपाइन्सला कामानिमित्त राहिलोय, तिथे मनिलाच्या दक्षिणेला लागुना प्रांतात बुको पाय मिळतो, रस्त्याच्या कडेला दुकानंच दुकानं, लोक गाड्या थांबवून खोकेच्या खोके नेतात. त्यात कीस नसतो, शहाळ्याच्या कोवळ्या मलईच्या पट्ट्या असतात आणि वरून पण क्रस्टचं झाकण. आपल्याकडे शहाळंवाला मलई काढून देतो ती लोक उभ्या उभ्या खातात आणि बाकीची फेकतात, तिचा हा उपयोग करून बघा कोणीतरी. चिंगीताईंच्या कस्टर्डमध्ये अर्धं खोबरं अर्धी मलई घातली तर?

चिंगी_एडिसन

घाला की, पण मलई फडक्यावर टिपून घ्या आणि फार मोठ्या पट्ट्या नकोत, सुरीखाली घसरतात. इकडे शहाळं मिळतं ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, आत मलई निघेल की नाही तो जुगार. तुम्हीच करून कळवा.

ठाणेकरीण

काकूंचा केला!! ओटीजीत ४८ मिनिटं. तीन थर आले खरंच. साबांनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं अंडं आहे का ह्यात, मी म्हटलं आहे, म्हणाल्या वास नाही आला. शनिवारी क्रस्टवाला करणार आहे. किती दिवस टिकतो? डब्यात मुलाला देऊ का?

पोळपाट_टोरांटो

दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा नाही, ठाण्याच्या हवेत तर अजून कमी. तेव्हा डब्यात नको. फ्रीजमध्ये ३-४ दिवस, पण क्रस्ट पहिल्या दिवशीच खरा, दुसऱ्या दिवसापासून नरम पडतो. फ्रीझ करू नका, कस्टर्ड फाटल्यासारखं होतं वितळल्यावर.

अर्धा_कप

अ‍ॅल्युमिनियमच्या टिनने तळ खरपूस झाला, धन्यवाद पोळपाट! पण टिन ८ इंची आहे, कस्टर्ड उरतं. अर्ध्या मापाने केलं तर भरत नाही. उरलेल्याचं काय करता?

चिंगी_एडिसन

वाट्यांमध्ये ओता, वाट्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी, पायच्या शेजारीच ठेवा, २५ मिनिटांनी बघा. त्या आधी होतात. तळातून खोबरं ढवळून ओता मात्र, नाहीतर शेवटच्या वाटीत सगळं खोबरं.